घटक ६ : वाटेचे वर्णन – रत्नागिरी जिल्ह्यातील घाटवाटा आणि त्यांची शब्दसंपदा

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• रत्नागिरी जिल्ह्यातील घाटवाटांची भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी सांगता येईल.
• घाटवाटांशी निगडित शब्दांचे अर्थ व त्यांमागील लक्षणा स्पष्ट करता येतील.
• एखाद्या वाटेचे नेमके आणि उपयुक्त वर्णन लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, स्थळाचे वर्णन आणि वाटेचे वर्णन यांत एक मूलभूत फरक आहे. स्थळ स्थिर असते. वाट मात्र चालणाऱ्याच्या पावलांबरोबर उलगडत जाते. म्हणून वाटेच्या वर्णनात क्रमाला आणि शब्दांच्या नेमकेपणाला विशेष महत्त्व येते.

स्वित्झर्लंडमधील आल्प्सच्या खोऱ्यांत पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात. पुढचे ठिकाण किती दूर आहे, हे त्या पाट्या चालण्याच्या वेळेत सांगतात. डोंगरातील अवघड वाटांवर खडकांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा रंगवलेला असतो. सह्याद्रीतील बहुतेक घाटवाटांवर अशी व्यवस्था नाही. येथे वाट दाखवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बोलीतील शब्दांनीच केले. ते शब्द कोणते आणि ते कसे घडले, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

६.२ भूमीची रचना

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजे आणि राजापूर हे तालुके पूर्वेकडे सह्याद्रीला भिडलेले आहेत. देशाच्या बाजूने सह्याद्री हळूहळू चढतो, कोकणाच्या बाजूस मात्र तो एकदम तुटतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश तयार झाला. या थरांतील कठीण भागांचे उभे कडे झाले, तर मऊ भाग झिजून त्यांच्या जागी अरुंद सपाट्या राहिल्या. त्यांवर माती साचली आणि रान वाढले. कोकणातून वर पाहिले असता डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, तो यामुळेच. वाट काढणाऱ्याला कडा टाळून एका सपाटीवरून दुसरीवर जाण्याची फट शोधावी लागते. अशी फट सापडली की ती घाटवाट होते.

६.३ ऐतिहासिक पार्श्वभूमी

या वाटा प्रथमतः व्यापाराच्या होत्या. दाभोळच्या खाडीतून वाशिष्ठी नदीने माल चिपळुणापर्यंत येई आणि तेथून कुंभार्ली घाटाने कराडकडे जाई. राजापूर बंदराचा माल अणस्कुरा घाटाने कोल्हापूरच्या बाजूस चढे. किनाऱ्यावरून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात आणि घाटमाथ्यावरून धान्य, गूळ खाली येई. जुन्नरजवळील नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या वाटांचे महत्त्व किती प्राचीन आहे, हे त्यावरून कळते.

या वाटांना लष्करी महत्त्वही होते. १६८९ च्या फेब्रुवारीत मुकर्रबखानाने कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्री ओलांडून संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराजांना कैद केले. घाटवाटेची माहिती कोणाच्या हाती आहे, यावर किती मोठ्या गोष्टी अवलंबून असत, याचे हे उदाहरण होय.

श्रद्धेच्या वाटा आणखी वेगळ्या. खेड तालुक्यातील चोरवणे गावातून महाशिवरात्रीला भाविक डोंगर चढून नागेश्वराच्या गुहेत दर्शनाला जातात.

६.४ घाटवाटांची शब्दसंपदा

पुढील शब्द लक्षपूर्वक वाचा.

घाट : नदीकाठच्या पायऱ्या, डोंगर ओलांडण्याची वाट आणि वस्तूची घडण असे तीन अर्थ मराठीत रूढ आहेत. इंग्रजीत गेल्यावर हाच शब्द संपूर्ण पर्वतरांगेचे नाव झाला.
नाळ : दोन कड्यांमधील, दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद, उभी घळ. बाळाची नाळ आणि डोंगरातील नाळ या दोन्ही अर्थांच्या मुळाशी पोकळ नळीची कल्पना आहे.
सोंड : मुख्य डोंगरापासून खाली उतरत गेलेली लांबट रांग.
धार : दोन्ही बाजूंना उतार असलेला अरुंद माथा.
पदर : कड्याच्या मधल्या उंचीवरील, बहुधा झाडीने भरलेली सपाटी.
शिडी, निसणी : जेथे पाऊल टेकत नाही तेथे लावलेली चढण्याची सोय, त्यावरून वाटेलाही तेच नाव पडते. खेडच्या बाजूने चकदेवला जाणारी वाट 'शिडीची वाट' म्हणून ओळखली जाते. शृंगारपुराहून प्रचितगडावर जातानाही शिडी चढावी लागते.
पाखाडी : कोकणातील गावांतून जाणारी, जांभ्या दगडाची बांधीव पायरीवाट.
सडा : जांभ्या कातळाचे उघडे पठार.
पऱ्या : पावसाळ्यात वाहणारा लहान ओढा.
साकव : ओढ्यावरील पायपूल.
ढोरवाट : गुरांच्या चालीने पडलेली वाट, ती गावाला जाईलच असे नाही.

सोंड, पदर, धार, माथा, पायथा हे शब्द देहातून, वस्त्रातून आणि घरातल्या वस्तूंतून डोंगरावर गेले आहेत. 'वाट सोंडेवरून चढते' या वाक्यात 'सोंड' शब्दाचा मूळ अर्थ लागू पडत नाही, म्हणजे मुख्यार्थाचा बाध होतो. आकाराच्या साम्यामुळे मुख्यार्थाशी संबंध राहतो आणि रूढीने नवा अर्थ स्थिरावतो. सादृश्यावर आधारलेली असल्याने ही गौणी लक्षणा होय. परगावच्या वाचकाला 'पदर' शब्द काव्यमय वाटेल. घाटपायथ्याच्या माणसाला मात्र त्यातून चढ कोठे थांबतो आणि सावली कोठे मिळते एवढेच कळते. भाषेतील प्रतिमा गरजेतूनही जन्मतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

६.५ वाटेचे वर्णन कसे लिहावे

एका कल्पित वाटेची दोन वर्णने पाहू.

(अ) 'गावातून निघाल्यावर घनदाट जंगल लागते. निसर्गाचे रम्य रूप पाहत आपण वर पोहोचतो.'

(आ) 'शेवटच्या घरामागची पाखाडी संपली की पऱ्या ओलांडावा. पुढे वाट फुटते. डावीकडची ढोरवाट सोडून उजवीकडच्या सोंडेला लागावे. तासाभरात पदर येतो. तेथून समोर नाळ दिसते. तिच्या तोंडाशी जानेवारीपर्यंत पाणी असते, नंतर नाही.'

पहिले वर्णन कोणत्याही डोंगराला लागू पडते, म्हणून ते कोणाच्याच उपयोगाचे नाही. दुसऱ्यात क्रम, दिशा, वेळ, खूण आणि ऋतू या पाच गोष्टी आहेत. पाण्याविषयीचे शेवटचे वाक्य तर विशेष महत्त्वाचे. ते चुकीचे असेल तर एप्रिलमध्ये त्या शब्दांवर विसंबलेला माणूस तहानेने व्याकूळ होईल. वाटेचे वर्णन लिहिणाऱ्यावर चालणाऱ्याची जबाबदारी असते. जे स्वतः पाहिलेले नाही किंवा जाणत्या माणसाकडून पडताळलेले नाही, ते लिहू नये.

६.६ आजची स्थिती

कुंभार्ली, आंबा, अणस्कुरा या घाटांतून आता गाड्या जातात. खेडहून रघुवीर घाटाचा रस्ता शिंदीकडे चढतो. रस्ता झाल्यावर आजाऱ्याला दवाखाना आणि मुलांना शाळा जवळ आली. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु पायवाटा ओस पडल्या. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली घाटमाथ्यावरील अनेक गावे गेली, चांदोली परिसरातील गावांचे पुनर्वसन झाले. २०१० मध्ये कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. काही वाटांना आता वरचे टोकच उरलेले नाही. ज्या गावी सोयरीक करावयाची किंवा धान्य आणावयाचे ते गावच नसेल, तर वाट कोण तुडवणार? वाट मोडली की तिच्यावरील प्रत्येक खिंडीचे, झऱ्याचे, विसाव्याच्या दगडाचे नावही बोलण्यातून जाते. त्यांपैकी पुष्कळ नावे कोणत्याही शब्दकोशात नाहीत. ती जाणणारी माणसे आज वृद्ध आहेत. आपणांपैकी जे याच गावांत राहून शिक्षण घेत आहेत, त्यांना हे काम बाहेरच्या अभ्यासकापेक्षा अधिक चांगले साधेल.

६.७ सारांश

भूमीच्या रचनेतून घाटवाटा निघाल्या. व्यापार, युद्ध, श्रद्धा आणि नातेसंबंध यांनी त्या टिकवल्या. त्यांच्यासाठी घडलेल्या शब्दांत लक्षणेचे सहज व्यापार आढळतात. वाटेच्या वर्णनाचा पहिला गुण सौंदर्य नसून विश्वासार्हता हा आहे.

६.८ स्वाध्याय

१. 'नाळ' आणि 'पदर' या शब्दांतील अर्थविस्तार सोदाहरण स्पष्ट करा.
२. ६.५ मधील (आ) या वर्णनातून ऋतूचा उल्लेख काढल्यास कोणता दोष निर्माण होईल?
३. रस्ते आणि पायवाटा यांच्या संदर्भात भाषिक ऱ्हासाची कारणे लिहा.

उपक्रम : आपल्या परिसरातील एका जुन्या वाटेची माहिती किमान दोन वडीलधाऱ्या व्यक्तींकडून घ्या. त्यांनी वापरलेले शब्द त्यांच्याच उच्चाराप्रमाणे टिपा. दोघांच्या सांगण्यात फरक आढळल्यास दोन्ही नोंदी ठेवा. वाट वनक्षेत्रातून जात असल्यास वनविभागाची परवानगी घेऊन आणि पावसाळा टाळून, माहीतगार सोबतीसह ती चाला. त्यानंतर २०० शब्दांत वर्णन लिहून ते माहिती देणाऱ्यांना वाचून दाखवा व त्यांच्या सूचनेप्रमाणे दुरुस्त करा.