आणखी कशाला बसतो?

खामगाव, ज्येष्ठ महिना

चि. भाच्यास,

जळगाव जामोदला गाळा घेतलास, पंप-मोटारी, थ्रेशर आणि जिनिंगच्या मशिनींचे सुटे भाग ठेवणार आहेस, हे ताईकडून कळलं. तू पाठवलेले फोटोही पाहिले. रॅक मजबूत आहेत. पण प्रत्येक रॅकवर तू कंपनीच्या नावाची पाटी लावलीस. माझी हयात जिनिंगच्या स्टोअरमध्ये गेली, त्यामुळे ते पाहून गप्प बसवेना.

गिऱ्हाईक तुझ्याकडे कंपनीचं नाव घेऊन येत नसतं. ते ऑइलात माखलेला तुकडा खिशातून काढतं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, “भाऊ, हे असंच पायजे.” पंपावरची पाटी कधीच गंजलेली असते. मोटार एका कंपनीची, पंप दुसरीचा, मधलं कपलिंग गावातल्या लेथवाल्यानं केलेलं. तेव्हा दुकान तुकड्याच्या बाजूनं लाव.

काही माल कोणत्याच कंपनीचा नसतो: बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, नट-बोल्ट, कपॅसिटर. तो निव्वळ मापावर लावायचा, नंबरांच्या चढत्या क्रमानं. बेअरिंगच्या नंबरातच माप असतं. ६२०५ चे शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतलं भोक मिळतं, २५ मिलिमीटर. ६२०४ चं २०. त्याखाली हा हिशेब चालत नाही, ६२०३ चं १७ आणि ६२०२ चं १५, ते पाठच करून टाक. ६३०५ चं भोकही २५च, पण बाहेरून ते ६२ मिलिमीटर आणि ६२०५ मात्र ५२. शाफ्टवर दोन्ही चढतात, हाउसिंगमध्ये एकच बसतं. “पंचवीसचं द्या” म्हणणाऱ्याला आधी जुनं बेअरिंग दाखवायला लाव. मागची अक्षरंही वाच: झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टू-आरएस म्हणजे रबराचं. सी-३ म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक, तापणाऱ्या मोटारीला तेच लागतं.

पट्ट्यांचंही तसंच. बी-५४ मधला बी म्हणजे माथ्यावर १७ मिलिमीटर रुंदी आणि ५४ म्हणजे आतून तितके इंच. जिथे तीन पट्टे एकत्र चालतात तिथे एकच तुटला तरी तिन्ही बदलायला सांग. जुने ताणलेले असतात, सगळा भार नव्या एकट्यावर येतो आणि शिव्या तुला बसतात.

नट-बोल्टांत मात्र खरी गंमत आहे. आपल्याकडे अजून “चार सुती” बोल्ट मागतात, म्हणजे अर्धा इंच. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं एक माप सुचवलं. त्या मापात अर्ध्या इंची बोल्टला इंचाला १२ आटे. जुन्या मशिनींत ते अजून भेटतं. नव्या मशिनीत एम-१२ असतो, त्याच्या दोन आट्यांत पावणेदोन मिलिमीटर अंतर. दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात. नट एखाद-दोन आटे चढतो आणि अडतो, मग मिस्त्री पान्याला पाइप लावून तो बसवतोच. म्हणून सुती आणि मेट्रिक माल वेगळ्या भिंतींना ठेव. शेजारच्या खणात ठेवलास तर मिसळलाच म्हणून समज.

दुसरा माल घरंदाज, म्हणजे ज्या पंपाचा त्यालाच बसणारा: इम्पेलर, केसिंग, सबमर्सिबलचे स्टेज. इथे कंपनी आणि मॉडेल हवंच. पण इम्पेलर बदलायला पंप उघडला की गॅस्केट, चावी, ग्लँडची डोरी किंवा मेकॅनिकल सीलही लागतंच. ते सगळं एका पिशवीत आधीच बांधून ठेव. पंधरा किलोमीटरवरून आलेला माणूस गॅस्केटसाठी दुसरा हेलपाटा घालतो, तेव्हा पुढच्या वेळी तो थेट नांदुऱ्याला जातो.

कोणता भाग किती ठेवायचा हे कंपनीचा कॅटलॉग सांगणार नाही, तुझ्या भागातलं पाणी सांगेल. पूर्णेकाठचा आपला खारपाणपट्टा असा, की जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांना वान धरणाचं पाणी पाइपातून देण्याची योजना करावी लागली. त्या खाऱ्या पाण्यात बिडाचे भाग आणि साधे बोल्ट लवकर जातात, तिथल्यांसाठी स्टेनलेसचे बोल्ट ठेव. जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, मागणी वेगळी येईल. शिवाय पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटारीत बॉल-बेअरिंग नसतंच, बुश आणि थ्रस्ट बेअरिंग असतं, आणि ते पाण्यातल्या वाळूनं झिजतं. कोणत्या गावाहून काय झिजून येतं ते वर्षभर टिपत जा.

आता रजिस्टर. कॉम्प्युटरवर कर की वहीत, मला फरक पडत नाही. भागाचा नंबर, खणाचा पत्ता, शिल्लक, भाव हे सगळेच लिहितात. त्यात दोन रकाने वाढव. पहिला “आणखी कशाला बसतो?” अमक्या थ्रेशरचं सील तमक्या पंपालाही चालतं, हे ज्ञान बहुतेक दुकानांत एखाद्या जुन्या नोकराच्या डोक्यात असतं आणि तो गेला की दुकान आंधळं होतं. कंपनीनं नंबर बदलला तर जुना खोडू नकोस, त्यापुढे नवा लिही, कारण गिऱ्हाइकाच्या हातात जुनाच असणार. दुसरा रकाना “मागितलं, पण नव्हतं.” पुढची ऑर्डर त्यावरून दे, एजंटाच्या स्कीमवरून नको. डझनावर दोन फुकट म्हणत तो तुझ्या गळ्यात न खपणारे केसिंग मारेल. महाग आणि क्वचित लागणारी वस्तू खामगाव-अकोल्याहून दुसऱ्या दिवशी आणता येते. पण वीस-तीस रुपयांची चावी किंवा सील नसल्यानं मोटार बंद राहिली, आणि त्याच आठवड्यात थ्री-फेजची पाळी दिवसाची असली, तर तो शेतकरी तुला विसरणार नाही.

ऑइल सील खिळ्याला टांगू नकोस, ओठ वाकडा होतो. पट्टेही उन्हात नकोत. बेअरिंगचा कागद विकताना काढायचा, आधी नाही. आणि खालचा खण रिकामाच ठेव. जुलै २०२३ चा पूर तू पाहिलाच आहेस.

डुप्लिकेट माल ठेवू नकोस असं म्हणणार नाही. गरीब माणूस तोच मागतो. पण तो वेगळ्या रंगाच्या खणात ठेव आणि बिलावर तसं लिही.

सौरपंपांना ५ वर्षांची हमी असते. त्यांच्या भागांत आत्ताच पैसा अडकवू नकोस, पण कोणत्या गावात कोणता पंप बसला ते आजपासून लिहून ठेव.

शेवटचं, होलसेलवाल्यांना पार्सलवर नुसतं “जळगाव” लिहू देऊ नकोस. ते सरळ खान्देशात जातं. “जळगाव जामोद, मार्गे नांदुरा, जि. बुलढाणा” असा शिक्काच करून त्यांना पाठव. दसऱ्याच्या आधीचा माल या महिन्यातच सांगून ठेव.

तुझा,
मामा