बोलती रोजनिशी आणि आपले इंग्रजी

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. म्हणजे आपल्या वर्गातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने कॉलेजात येईपर्यंत बारा वर्षे इंग्रजी वाचलेले व लिहिलेले असते. बोललेले मात्र फारसे नसते. ज्यांच्या घरातून कॉलेजात येणारे तेच पहिले, त्यांना घरी चूक दुरुस्त करणारेही कोणी नसते. मीही त्यांपैकीच एक. सरांनी प्रश्न विचारला की उत्तर मनात तयार असते, पण सारा वर्ग वळून पाहील या धास्तीने ते ओठांवर येत नाही.

अशांसाठी चित्रफितीची रोजनिशी हा चांगला उपाय आहे. मोबाईल समोर ठेवायचा आणि रोज दोन मिनिटे इंग्रजीत बोलायचे. आधी लिहून पाठ करायचे नाही, एवढे मात्र पाळावे. विषय जवळचे घ्यावेत: बर्डीच्या मेन रोडवर केलेली घासाघीस, झिरो माईलचे चार घोडे, किंवा १८१७ ची सीताबर्डीची लढाई. या लढाईवर आपण मराठीत पानभर लिहू. इंग्रजीत सांगू लागलो की सैन्य टेकडीवर चढवतानाच क्रियापद सापडत नाही. हे अडणेच कामाचे आहे. कॅनडात इंग्रजी भाषक मुलांना शाळेत फ्रेंच माध्यमातून शिकवत. त्यांना ऐकलेले फ्रेंच चांगले समजे, बोलणे मात्र कच्चेच राही. त्यांचा अभ्यास करून मेरिल स्वेन या विदुषीने १९८५ मध्ये मांडले की, ऐकणे-वाचणे पुरेसे नाही. बोलू-लिहू लागल्यावरच आपले उणे आपल्याला कळते.

मग नुसता आवाज टिपला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. 'व्हेस्ट' म्हणजे बंडी आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो, दात लागतच नाहीत. मराठी कानाला दोन्ही 'व'च वाटतात, त्यामुळे ध्वनिफीत दहादा ऐकूनही उमगत नाही. चित्रफितीत तो फरक डोळ्यांना दिसतो. 'थिंक' म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मधे येते की आपल्या 'थ'प्रमाणे दातांमागेच राहते, तेही दिसते.

प्राध्यापकांना एक विनंती. या रोजनिशीला गुण देऊ नयेत. पंधरवड्यातून एखादी फीत पाहावी आणि एक-दोनच चुका सांगाव्यात. प्रत्येक वाक्य दुरुस्त होऊ लागले तर आम्ही पुन्हा पाठ करून बोलू. आणि फीत वर्गाच्या ग्रुपवर टाकण्याची सक्ती नसावी. स्वतःचा चेहरा कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये जाईल, ही भीती मुलींना असते व ती अनाठायी नाही. जिच्या घरी फोन एकच आहे, तिने ध्वनिफीतच करावी आणि बोलताना समोर आरसा ठेवावा.