संप फुटला

संप म्हटलं की आमच्याकडे माणसाला एसटीच आठवते. मी खाऱ्या टाकीला संप बसवतोय म्हटल्यावर खालच्या मजल्यावरचे बापू म्हणाले, “संप करतात रे, बसवत नाहीत.” तेव्हा हसलो होतो.

नंदुरबारात खाऱ्या पाण्याचे मासे पाळणं हा मुळातच उलटा उद्योग. 1951 साली उभ्या राहिलेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारातच समुद्र होता. आमच्या दारात सातपुडा. समुद्र पोत्यातून आणायचा, म्हणजे मीठ विकत घ्यायचं आणि लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशेबाने कालवायचं. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, म्हणून आरओचं पाणी. एवढं सगळं मी निमूट केलं होतं. टाकी अडीच फुटी, आत क्लाउनफिशची जोडी.

संप, म्हणजे मुख्य टाकीखालच्या कपाटात बसणारी दुसरी टाकी, जिच्यात वरचं पाणी उतरतं आणि पंपाने परत वर जातं, तो मात्र सुरतहून करून घेतला. दुकानदाराने 45 बाय 30 सेंटिमीटरची, 30 उंचीची टाकी दिली. कप्पे, फेसातून घाण काढणारा स्किमर, पंप, पाईप सगळं तोच बसवून गेला. मी एकच प्रश्न विचारला होता: “लाईट गेली तर?” पाईपला बसवलेला पांढरा तुकडा त्याने बोटाने टकटक वाजवून दाखवला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी वर जाईल, खाली येणार नाही. “टेन्शन मत लो.” हे शब्द कोणी उच्चारले की टेन्शन घ्यायला सुरुवात करावी, हे मला आता कळतं.

एप्रिलची रात्र, दीडच्या सुमारास वारा सुटला आणि लाईट गेली. आमच्याकडे यात बातमी काही नाही. कूस बदलून पुन्हा झोपलो. हिला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. अंधारात उतरलो तर पायाखाली पाणी. माठ फुटला असेल म्हणून बोट ओलं करून जिभेला लावलं. खारट. समुद्रापासून इतक्या लांब, मध्यरात्री, स्वतःच्या घरात जिभेला समुद्राची चव लागली की माणूस काही क्षण खुळ्यासारखा उभा राहतो.

पंप बंद होता. तरी कपाटातून पाणी बदबद येतच होतं. मग हे कोणाच्या जोरावर चाललंय? माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला आणि तेवढ्यात मी मूर्खासारखं फडक्याने पाणी टिपत बसलो. जिन्यातून बापूंची हाक आली, “भो, तुम्हना घरम्हाईन पानी ई ऱ्हायनं!” त्यांनीच वर येऊन आधी मेन स्विच पाडला. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळाशी आडवा पडलेला होता. तेवढ्यात लाईट आली असती तर हा लेख दुसऱ्या कोणी लिहिला असता.

हिशेब सकाळी मांडला. वरच्या टाकीचा तळ 75 बाय 38 सेंटिमीटर, म्हणजे दर सेंटिमीटर उंचीला जवळपास 2.85 लिटर पाणी. पंपाच्या पाईपचं तोंड पाण्याखाली 6 सेंटिमीटर बुडवलेलं. पंप थांबला की त्याच पाईपमधून वरचं पाणी उलटं ओढलं जातं आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. झाले 17 लिटर. संपात रिकामी जागा वरची 8 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम 11 लिटर. उरलेलं माझ्या फरशीवर, प्लायच्या कपाटात आणि वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या दहा किलो मिरच्यांच्या पोत्यात. हे गणित पाचवीतल्या पोराला जमतं. दुकानदाराने केलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही केलं नाही.

व्हॉल्व्ह उघडला तर झडपेत वाळूचा खडा आणि क्षाराची पुटं. फोन केला. पहिलं उत्तर, “व्हॉल्व्ह हर महिने साफ करना पडता है, आपने नहीं किया?” बसवताना हे सांगितलं होतं का? नाही. दुसरं उत्तर त्याहून झकास, “लाईट जाती ही क्यूं है आपके यहां?” म्हणजे दोष महावितरणचा आणि मग माझा. कपाटाचा विषय काढला की त्याच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं. त्याची हमी नवापूरच्या अलीकडे येतच नाही.

तेव्हा तुम्ही संप बसवणार असाल तर चालू अवस्थेत किती शोभतो हे बघू नका. भरा, पंप चालू करा आणि दहा मिनिटांनी स्वतः स्विच बंद करा. पाणी चढून थांबेल तिथे काचेवर मार्करने रेघ मारा. काठ आणि रेघ यांच्यात चार बोटं जागा नसेल तर संपातलं पाणी कमी करा. मी आता 16 सेंटिमीटरवर चालवतो. पाईपचं तोंड एकच सेंटिमीटर बुडवा आणि पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली पाईपला चारेक मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. त्या भोकातही शेवाळ धरतं, आठवड्याला काडी घाला. व्हॉल्व्ह असू दे, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. आणि पूर आलाच तर फडकं शोधू नका, मेन स्विच पाडून आधी पाईपचं तोंड पाण्याबाहेर उचला. मला हे कोणी सांगितलं असतं तर मिरच्या वाचल्या असत्या.

एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीवर लावा आणि वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात शिरत नाही. उन्हाळ्यात पंख्याखाली पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. ही घट वरच्या टाकीत दिसत नाही, संपातल्या पंपाच्या कप्प्यात दिसते. ती साध्या आरओ पाण्याने भरा, खाऱ्या नव्हे. मासे सोडायची घाई करू नका, चार ते सहा आठवडे टाकी मुरू द्या.  दुकानदार कधी हळूच जिवंत प्रवाळ पुढे करतो. घेऊ नका, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो.

माशांना काहीच झालं नाही. कमी झालेल्या पाण्यात दोघे निवांत होते. कपाट फुगलं, स्किमरची मोटर गेली, आणि खारवलेल्या मिरच्या मी हौसेने केल्या असं ही पाहुण्यांना सांगते. दुकानदाराचे 2400 रुपये माझ्याकडे बाकी आहेत. दर पंधरवड्याला त्याचा फोन येतो. मी देणार नाही.