जुन्या पंप शॉटगनला नवी बॅरल कशी जुळवतात? सुट्या भागांच्या धंद्यासाठी एक केस स्टडी

जुना माल किंवा स्पेअर पार्टचा धंदा करायचाय असे तुमच्यापैकी बरेच जण आहेत. या धंद्यात पैसा बुडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. गिऱ्हाईक वस्तूचं नाव सांगतं, आपण नावावरून पार्ट देतो आणि तो बसत नाही.

आज यासाठी मी मुद्दाम लांबचं उदाहरण घेतलंय, अमेरिकेतल्या जुन्या पंप शॉटगनचं. तिथे एकाच मॉडेलच्या बंदुका पन्नास-साठ वर्षं बनत आल्या आणि त्यांच्या सुट्या बॅरलचा, म्हणजे नळ्यांचा, मोठा बाजार आहे. पार्ट चुकला तर तिथे नुसतं रिफंडवर भागत नाही, माणूस जखमी होऊ शकतो. म्हणून ओळखण्याची पद्धत तिथे पक्की असावी लागते.

आधी कायद्याचं बोलू. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे मुख्यतः तिचा रिसीव्हर, ज्यात यंत्रणा बसते तो सांगाडा. सुटी बॅरल तिथे साधारणपणे पार्ट म्हणून विकली जाते. आपल्याकडे तसं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, आणि विक्री-दुरुस्तीला परवाना लागतो. तेव्हा हा धडा पद्धत शिकण्यासाठी आहे, बंदुकीचं दुकान काढण्यासाठी नाही.

वस्तू समजून घ्या

पंप शॉटगनमध्ये पुढची मूठ मागे-पुढे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. बॅरलच्या खाली एक नळकांडं असतं, त्यात काडतुसं एकामागे एक राहतात. त्याला मॅगझिन ट्यूब म्हणतात. बऱ्याच मॉडेलमध्ये ट्यूबच्या टोकाची टोपी किंवा बोल्ट काढला की बॅरल निघते. म्हणून एकाच बंदुकीला पक्ष्यांच्या शिकारीसाठी लांब बॅरल, हरणासाठी वेगळी आणि घराच्या रक्षणासाठी आखूड, अशा दोन-तीन बॅरल लोक ठेवतात. धंदा इथूनच सुरू होतो.

आपण ‘बारा बोअर’ म्हणतो, तेच तिकडे १२ गेज. आकडा वाढला की नळी बारीक होते. म्हणजे २० गेज ही १२ पेक्षा बारीक.

पायरी १: ओळख रिसीव्हरवरून, बॅरलवरून नाही

बंदूक रिकामी आहे ना, हे आधी तपासायचं. चेंबर आणि ट्यूब, दोन्ही. मग रिसीव्हरवरचं मॉडेल आणि सीरियल नंबर वाचायचा. नवखा दुकानदार बॅरलवरचा मजकूर वाचून मोकळा होतो. पण बॅरल आधीच कुणी बदललेली असू शकते. ती फक्त स्वतःबद्दल सांगते.

रेमिंग्टनच्या बॅरलवर महिना आणि वर्ष दाखवणारी अक्षरं असतात. त्यावरून बॅरल कधी बनली ते कळतं, बंदूक कधी बनली ते नाही. आणि सीरियल नंबर नसला म्हणून लगेच संशय घेऊ नका. नंबर सक्तीचा झाला १९६८ च्या कायद्याने. त्याआधीच्या अनेक स्वस्त शॉटगनवर तो नाहीच.

पायरी २: नावं वेगळी, पार्ट एकच

रेमिंग्टन ८७० ही १९५० मध्ये आली आणि २००९ मध्ये तिचा एक कोटीवा नग बनला. तिच्यात ‘विंगमास्टर’ म्हणजे चकचकीत, महाग आवृत्ती आणि ‘एक्सप्रेस’ म्हणजे साधी, स्वस्त. गिऱ्हाईकाला वाटतं, दोन्हीची बॅरल वेगळी असणार. पण फरक मुख्यतः फिनिशचा आहे. गेज आणि रिसीव्हरचा आकार तोच असेल तर एकीची बॅरल दुसरीला चालते. ज्या दुकानदाराला हे माहीत नाही, तो एकाच पार्टचे दोन स्टॉक भरून ठेवतो.

मात्र ८७० मध्येच एक खाच आहे. जुन्या २० गेज बंदुका १२ गेजच्याच मोठ्या रिसीव्हरवर बनायच्या. नंतर लहान, हलका रिसीव्हर आला. दोन्हींवर ‘८७०’ आणि ‘२० गेज’ हेच लिहिलेलं, पण बॅरल एकमेकींना बसत नाहीत. तिथे रिसीव्हर मोजावाच लागतो.

पायरी ३: नाव एकच, पार्ट वेगळे

आता उलटा प्रकार. मॉसबर्ग ५००. इथे बॅरलखालच्या कडीतला बोल्ट थेट मॅगझिन ट्यूबच्या टोकात आवळला जातो. म्हणजे कडी बरोबर ट्यूबच्या टोकाशी यायला हवी. आखूड ट्यूबची सहा काडतुसांची ५०० आणि लांब ट्यूबची आठ काडतुसांची ५००, दोन्हींवर नाव एकच. पण एकीची बॅरल दुसरीला लागत नाही. तिथे मॉडेलइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ‘काडतुसं किती मावतात?’

मॉसबर्गचीच ५९० घ्या. तिच्या ट्यूबचं टोक वेगळ्या प्रकारचं. ८३५ ची नळी आतून जास्त रुंद, तिची बॅरल ५०० ला बसत नाही. आणि मॅव्हरिक ८८ हे नाव अगदी वेगळं वाटतं, पण ती मॉसबर्गचीच स्वस्त बहीण. गेज आणि ट्यूबची लांबी जुळली की ५०० ची बॅरल तिला चालते.

पायरी ४: लेबल एकाचं, कारखाना दुसऱ्याचा

अमेरिकेत मोठ्या दुकान-साखळ्या स्वतःच्या नावाने बंदुका विकायच्या. माँटगोमेरी वॉर्डची ‘वेस्टर्न फील्ड ५५०’ म्हणजे मुळात मॉसबर्ग ५००. सीअर्सची ‘जे. सी. हिगिन्स मॉडेल २०’ बनवली हाय स्टँडर्ड कंपनीने. सीअर्सच्या वस्तूवर ५८३ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की जाणकार हाय स्टँडर्ड ओळखतो.

हे आपल्याकडेही आहेच की! मिक्सर, पंखे, मोटार, कितीतरी माल एकाच कारखान्यातून चार नावांनी बाहेर पडतो. कोणतं लेबल कुठल्या कारखान्याचं, याची वही ज्याच्याकडे असते त्याला ‘हा पार्ट मिळत नाही’ असं क्वचितच सांगावं लागतं.

पायरी ५: सीरियल नंबरची सीमारेषा

इथाका ३७ ही १९३७ पासूनची बंदूक. तिच्यात ८५५००० हा सीरियल नंबर महत्त्वाचा. त्याच्या पुढच्या बंदुकांना सुटी बॅरल थेट बदलता येते. त्याआधीच्या बंदुकांना बॅरल कारागिराकडून जुळवून घ्यावी लागते. बाहेरून बघून हे कळत नाही, नंबरच बघावा लागतो. दुकानदाराने इथे पार्टची किंमत आणि फिटिंगची किंमत वेगवेगळी सांगायला हवी, नाहीतर वाद ठरलेला.

बसलं म्हणजे जुळलं असं नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. शॉटगनच्या काडतुसाची लांबी पावणेतीन इंच, तीन इंच अशी सांगतात. ती लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंचाच्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसू शकतं. पण उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून नवी बॅरल विकताना तिच्यावर कोरलेली चेंबरची लांबी गिऱ्हाईकाला दाखवून द्यायची.

दुसरं, २० गेजचं काडतूस चुकून १२ गेजमध्ये गेलं तर ते पुढे घसरून नळीत अडकतं. मागून १२ चं काडतूस उडवलं की नळी फुटते. म्हणूनच अमेरिकेत २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवतात. गिऱ्हाईक चुकणार हे धरूनच त्यांनी रंग ठरवला.

आणि बॅरल आखूड करून मागणारं गिऱ्हाईक आलं तर? १९३४ च्या कायद्याप्रमाणे १८ इंचांपेक्षा आखूड बॅरलच्या शॉटगनला वेगळी सरकारी नोंदणी लागते. इथे पट्टी काढून मोजायचं आणि गरज पडली तर नाही म्हणायचं.

आता तुमच्या काउंटरवर या

वरच्या सगळ्यातून पाच प्रश्न निघतात. तुमचा माल कोणताही असो, कुकर, शिलाई मशीन, पाण्याची मोटार, हे पाच प्रश्न कार्डावर लिहून काउंटरला चिकटवा:

१. मूळ बॉडीवर कोणतं मॉडेल आणि कोणता नंबर आहे? (सुट्या भागावरचा नाही.)
२. बनवणारा खरा कारखाना कोणता?
३. जोड जिथे होते तिथलं माप काय?
४. या मॉडेलमध्ये मध्येच बदल झालाय का? कोणत्या नंबरपासून?
५. पार्ट बसला, तरी तो सुरक्षित चालेल का?

थोडा हिशोब करू. समजा पार्ट ४०० रुपयांचा, त्यात तुमचं मार्जिन ८०. चुकीचा गेला, परत आला, पाकीट फाटलेलं, आणि तो पडून राहिला. म्हणजे ३२० रुपये अडकले. ते भरून काढायला चार बरोबर विक्री लागतात. प्रश्न विचारायला लागतात दोन मिनिटं.

मी माझ्या दुकानात बिलावर पार्टच्या नावाबरोबर मशीनचा मॉडेल नंबर आणि मोजलेलं माप लिहितो. पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक आलं की वही उघडायची, माल द्यायचा. आणि खात्री नसेल तर सरळ सांगतो, ‘जुना पार्ट घेऊन या, फोटो नको.’ त्या दिवशी विक्री होत नाही, पण चुकीचा मालही जात नाही.

होमवर्क: तुम्ही विकणार असलेली कोणतीही एक वस्तू घ्या. तिच्यात ‘नाव वेगळं, पार्ट एकच’ आणि ‘नाव एक, पार्ट वेगळे’ अशी प्रत्येकी दोन उदाहरणं शोधा. घाऊक बाजारातल्या जुन्या दुकानदाराला विचारलंत तर अर्ध्या तासात मिळतील. ती वहीत लिहा. तुमच्या धंद्याची पहिली वही तीच.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत मोजा, लिहा आणि मगच विका!