हप्त्यावरचा बेव्हल

मालवण,
आषाढ वद्य पंचमी

चि. बाबूस,


काल रात्री धाकट्या मावशीचा फोन आला होता. तिने सांगितलं त्यातलं निम्मं जरी खरं असलं तरी माझी झोप उडायला पुरेसं आहे. तू केलेल्या, दुकानातून गेलेल्या चार खुर्च्या परत आल्या, मालक सगळ्यांदेखत बोलला, आणि तू त्याच रात्री मोबाइलवर एक अमेरिकन बेव्हल, कोन उचलायचं ते हत्यार, पाहून ठेवलास, तोही हप्त्यावर. खरं आहे का हे? निम्म्या पगाराचा बेव्हल?

आई यातलं काही बोलली नाही. तिला माहीत नसावं. मीही सांगितलेलं नाही. पण बाबू, आपल्या घरात हप्ता हा शब्द कसा ऐकला जातो ते तुला वेगळं सांगायला हवं का? तुझ्या बाबांनी इंजिनासाठी कर्ज काढलं तेव्हा पहिला हप्ता त्यांनाही हलकाच वाटला होता. पुढे आईच्या पाटल्यांचं काय झालं, तुझी शाळेची शेवटची दोन वर्षं कशी गेली, ते तू बघितलंयस. बेव्हलची रक्कम लहान आहे म्हणशील. रकमेची मला भीती नाही. कामात अडलं की उधारीने काहीतरी विकत आणायचं, ही सवय लागेल याची भीती आहे.

आता बेव्हलचं. चांगलं हत्यार घेऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. तुझ्या मनात भरलाय तो स्टॅन्लीचा १८ नंबर असावा, कारण मावशी म्हणाली की त्याचा स्क्रू मुठीच्या शेपटाला आहे. चीज उत्तम आहे, वाद नाही. विंग नट असला की तो बाजूला डोकं काढतो, बेव्हल उलटा करून लाकडावर सपाट बसवायला गेलं की आडवा येतो. शेपटाच्या स्क्रूला ती अडचण नाही. त्यांचाच २५ नंबर शिसवी मुठीचा, त्याचा स्क्रू बिजागरीवरच. तोही आयुष्यभर चालतो. पण बेव्हलकडून आपल्याला हवं असतं फार थोडं. पान सरळ हवं, मूठ सरळ हवी, आणि एकदा आवळला की हलता कामा नये. अंशांचे आकडे त्याच्यावर नसतात आणि नसलेलेच बरे. एका ठिकाणचा कोन उचलायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवायचा, एवढंच त्याचं काम.

हत्यारांच्या दुकानात जाशील तेव्हा एक रंधलेली फळी आणि टोकदार पेन्सिल बरोबर ने. बेव्हल आवळ, मूठ फळीच्या कडेला टेकव आणि पानाच्या दोन्ही कडांनी दोन रेघा मार. रेघांमधलं अंतर वर आणि खाली मोज. फरक आला तर पान समांतर नाही, ठेवून दे. मग पानाचं टोक अंगठ्याने चांगलं दाब, मुठीला हलकी टिचकी मार आणि पहिल्याच रेघेवर पुन्हा रेघ ओढ. जुनी रेघ झाकली गेली तर घे. दोन दिसल्या तर त्यावर कुणाचंही नाव कोरलेलं असो, घेऊ नकोस. शेवटी काचेवर सपाट ठेवून बघ, डुलतो का. जालंधरकडचा साधा बेव्हलसुद्धा या परीक्षेत पास होतो. दहा बघून एक निवडावा लागेल, त्याला दोन तास जातील. जाऊ देत. खुर्चीच्या कामाला पान आठ इंचांचं बघ. फार लांब पान अडचणीच्या जागी शिरत नाही.

आता त्या चार खुर्च्या. मावशी म्हणाली, पाय डगमगतात आणि चारही पाय सारखे फाकलेले नाहीत. तू म्हणे मोबाइल धरून कोन बघतोस. मोबाइलची कड बऱ्याचदा गोल असते रे, ती टेकणार कुठे? पण मोबाइलही बाजूला ठेवू. माझा अंदाज असा, की तू बैठकीच्या कडेला समांतर बेव्हल उभा केलास आणि त्याच्या रोखाने भोक पाडलंस. पाय मागे कललेला असतो आणि बाजूलाही. दोन कोन दोनदा साधायला गेलं की दोन्ही चुकतात. पायाची खरी दिशा एकच असते, तिरपी, आणि ती कागदावर आधी काढावी लागते.

समज, बैठक १७ इंच उंच. पाय मागे ३ इंच जातो, बाजूला ४.५ इंच. कागदावर ३ आणि ४.५ चा काटकोन काढ. त्याचा कर्ण साडेपाच इंचांना किंचित कमी भरेल. तो कर्ण म्हणजे पायाची दिशा. बैठकीच्या पोटाला भोकाच्या मध्यातून ती रेघ मारून घे. मग वेगळ्या फळीवर १७ उंची आणि तोच कर्ण पाया धरून दुसरा काटकोन काढ, आणि त्याच्या तिरप्या बाजूवर बेव्हल लाव. उभ्या रेघेपासून सुमारे १८ अंश येतील, पण आकडा विसर. बेव्हल त्या रेघेवर उभा कर आणि बिट त्याच्या पानाशी समांतर ठेवून उतरव. एक गुण्या समोरून उभा ठेव म्हणजे बिट दुसऱ्या बाजूला झुकणार नाही. पुढच्या पायांचा कल वेगळा असेल तर त्यांचा कर्ण वेगळा काढायचा. हे कुठलंही महाग हत्यार तुझ्यासाठी करणार नाही.

आणखी एक. कोन बेव्हलमध्ये साठवून जेवायला जाऊ नकोस. कुणीतरी धक्का मारतंच. होडीच्या कामात मधल्या वाकांची, म्हणजे फासळ्यांची, कड जवळजवळ काटकोनात असते, पुढे नाळेकडे सरकावं तसा प्रत्येक वाकाचा कोन बदलत जातो. मला काम शिकवणारे आण्णा एकेक कोन उचलून लगेच पातळ फळीवर रेघ मारत आणि रेघेशी वाकाचा नंबर लिहीत. बेव्हल पडला, हरवला, तरी कोन फळीवर शाबूत. ती फळी तू बघितलीयस, पडवीत वरती खोचलेली असायची. तशी एक आपल्या बाकापाशी कर. ड्रॉवरच्या डव्हटेलचा कोनही तिथेच आखून ठेव, मऊ लाकडाला सहास एक, सागाला आठास एक. दरवेळी नव्याने हिशेब नको.

हे सगळं हप्त्याशिवाय होतं, बाबू. म्हणून परत परत तेच लिहितोय. मालकाच्या बोलण्याचा राग बेव्हलवर काढू नकोस आणि स्वतःवर तर मुळीच नको.

तुझ्या वयाचा असताना आण्णा मला संध्याकाळी बोलावत. कौलारू छपराच्या कोनवाशाचा छेद शिकवायचा होता त्यांना. दोन उतार जिथे भेटतात तिथल्या वाशाला खालून, वरून आणि बाजूने वेगवेगळे कोन लागतात, आणि ते आण्णा जमिनीवर कोळशाने काढून दाखवत. मला दशावतार बघायला जायचं असायचं. उद्या बसू, म्हणायचो. त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. पुढच्या पावसात ते गेले. आजही कुणी चौपाखी छपराचं काम घेऊन आलं की मी दुसऱ्या सुताराचं नाव सांगतो. लोकांना वाटतं मी होड्यांत रमलोय. आता लाकडी होड्याही कमी झाल्या, फायबरच्या आल्या, दुरुस्त्या तेवढ्या राहिल्या. छपराचं काम हातात असतं तर बरं झालं असतं. पण त्याहून जास्त वाटतं ते हे, की त्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं.

तुझा मालक बोलतो, पण काम सोडून जा म्हणाला नाही ना? खुर्च्या परत आल्या त्या त्याने तुझ्याकडेच दिल्या, दुसऱ्याकडे नाही. मावशीने हेही सांगितलं, आणि ते ऐकून मला तो माणूस बरा वाटला. उद्या जाऊन त्याला विचार, तुम्ही पायाची रेघ कशी काढता म्हणून. सांगेल. विचारणाऱ्याला सुतार नाही म्हणत नाही.

फार बोललो असेन. रागावलो तो भीतीपोटी. तू सात वर्षांचा असताना माझ्या वाकसाला हात लावून बोट कापून घेतलं होतंस आणि रडलाही नव्हतास, आईला कळेल म्हणून. आता अडचण आली तरी तसाच गप्प बसशील, हे मला माहीत आहे. बसू नकोस. मावशीकडून कळण्याआधी मला कळू दे. पैसे कमी पडत असतील तर तसं सांग. मामाकडून घेतलेल्या पैशाला हप्ता नसतो.

बेव्हल नीट बघून घे आणि किती पडला ते कळव. निम्मे मी देणार, नाही म्हणायचं नाही. पान गंजू देऊ नकोस, पावसात मशीनचं तेल पुसत जा. खोबरेल नको, चिकट होतं.

१ ऑगस्टला मासेमारी सुरू होईल, तोवर माझ्या हाताखाली दोन होड्या आहेत, नाहीतर मीच आलो असतो. शनिवारी रात्रीच्या गाडीने शेजारचा मुलगा पुण्याला येतोय. त्याच्याजवळ सोलं, कुळथाचं पीठ आणि आईने केलेले लाडू देतोय. गाडी पहाटे स्वारगेटला पोचते, घ्यायला जा, त्याला शहर नवीन आहे. आणि लाडू सगळे एकट्याने खा, खोलीतल्या पोरांना पीठ दे.

तुझा,
मामा