घरात मुरलेला विडी-सिगारेटचा धूर कसा काढायचा? (आम्ल-आम्लारीचा घरातला पाठ)



वही तपासायला उघडली की विडीचा वास येतो, असं एखादं लेकरू बहुतेक वर्गांत असतं. ते लेकरू काही विडी ओढत नाही. त्याचं दप्तर रात्रभर ज्या खोलीत टांगलेलं असतं, तिथं कुणीतरी ओढतं. तलवाड्यासारख्या आपल्या गावांत याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-वडील पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि लेकरं गावात आजी-आजोबांजवळ. थंडीत दारं-खिडक्या लावलेल्या, आजोबांची विडी चालू आणि नातवंडांची अंथरुणं त्याच खोलीत.

महाराष्ट्रात खरं तर धूर ओढणारे कमी आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले, तर तंबाखू-गुटखा खाणारे २४.४ टक्के. त्यामुळं तंबाखूमुक्त शाळेच्या भाषणात आपला सगळा भर गुटख्यावर असतो आणि धूर मागं राहतो. पण याच पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराचा त्रास होतो, असंही दिसलं. ज्याला बाहेर जाता येत नाही त्या रांगत्या बाळाचं काय, ते आपणच समजून घ्यावं.

आता मूळ मुद्दा. धूर हवेत विरून गेला असं आपल्याला वाटतं, पण तो जात नाही. त्यातलं निकोटीन आणि डांबरासारखा चिकट भाग भिंतीवर, पत्र्याला, पंख्याच्या पात्यांना, गोधडीला जाऊन बसतो. ऊन तापलं, हवा दमट झाली की तोच परत हवेत येतो. म्हणून उन्हाळ्यात बंद घर उघडलं की वास अंगावर येतो. अमेरिकेत सॅन दिएगो इथं संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरं साधारण दोन महिने रिकामी राहून, साफसफाई होऊनही धुळीत आणि भिंतींवर निकोटीन सापडलं. नंतर राहायला आलेल्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही सापडलं. या शिल्लक धुराला 'तिसऱ्या हाताचा धूर' म्हणतात. हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन त्यातून कर्करोगकारक पदार्थ बनतात, हे २०१० मध्ये दाखवून दिलं गेलं. आणि हे नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतूनही येतं. बाळ जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं. मोठ्यांपेक्षा त्याच्या पोटात हे जास्त जातं.

मग आपण काय करतो? उदबत्ती लावतो, धूप फिरवतो, फारच झालं तर चुना मारतो. उदबत्तीनं वास झाकला जातो आणि धुरात धूर वाढतो. चुन्याचं मात्र नीट समजून घेऊ, कारण इथं आठवीचा 'आम्ल, आम्लारी' हा पाठ कामाला येतो.

निकोटीन हे आम्लारीधर्मी आहे. तंबाखू मळताना चुना का लावतात? चुना तीव्र आम्लारी, त्याच्यामुळं पानातलं निकोटीन मोकळं होतं आणि लवकर लागतं. भिंतीवरही हेच. धुरानं पिवळी पडलेली भिंत न धुता वरून ओला चुना लावला, तर खालचं निकोटीन बांधलं जात नाही, उलट मोकळं व्हायला मदत होते. पिवळे डाग काही दिवसांत वर येतात. याच्या उलट, आम्ल लावलं की निकोटीनचा क्षार तयार होतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि फडक्याबरोबर निघून जातो. हेच उदासिनीकरण. वर्गात हळदीच्या कागदावर चुना आणि लिंबू टाकून दाखवतोच आपण, त्याला ही गोष्ट जोडून सांगा. मुलं विसरत नाहीत.

म्हणजे सगळीकडं व्हिनेगर ओतायचं का? नाही. भिंत कशाची आहे ते आधी बघायचं.

ऑइल पेंटची भिंत, पत्रा, लोखंडी कपाट, काच, दार-खिडक्या, पंख्याची पाती: आधी कोमट पाणी आणि धुण्याची पावडर, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग पाणी, शेवटी साधं पाणी. फडकं सारखं पिळायचं आणि बादलीतलं पाणी बदलत राहायचं, नाहीतर तोच मळ पुढच्या भिंतीवर जातो. आधी छत, नंतर भिंती, शेवटी जमीन. पंख्याचं बटण आणि मेन स्विच बंद करूनच हात लावा.

चुन्याच्या भिंतीवर व्हिनेगर वाया जातं, कारण चुनाच ते खाऊन टाकतो आणि फेस येतो. तिथं पाणी शिंपडून जुने पोपडे खरवडून काढायचे आणि मगच नवा हात द्यायचा. मातीच्या भिंतीचंही तसंच. वरचा थर काढून नवं लिंपण. कोरडं खरवडू नका, धूळ नाकात जाते. तोंडाला रुमाल हवाच. डिस्टेंपर पुसताना निम्मा निघून येतो, तिथं भिंत वाळल्यावर तेलाचा प्रायमर मारून रंग द्यावा. पाण्यातल्या प्रायमरमधून पिवळेपणा पुन्हा झिरपतो.

शहाबादी फरशीला लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही लावू नका. तो चुनखडीचाच दगड, आम्लानं त्याची झिलई जाते. साबणाचं पाणी पुरे.

एक धोक्याची सूचना. व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीवावर बेतू शकतं. आणि हे काम मोठ्यांनी, रबरी हातमोजे घालून करावं. ओल्या फडक्यातलं निकोटीन कातडीतूनही आत जातं. साफसफाईच्या दिवशी लेकरं शेजारी पाठवा.

वास सगळ्यात जास्त धरून ठेवतात ते कपडे. गोधड्या, पडदे, टांगलेले सदरे धुण्याच्या सोड्यात भिजवून दोन पाण्यांतून काढायचे, शेवटच्या पाण्यात वाटीभर व्हिनेगर, आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायचे. कापसाची गादी धुता येत नाही. खोळ बदलून कापूस पिंजून घेतला तर बराच फरक पडतो. खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून ठेवतात, त्यानं थोडा वास ओढला जातो, पण जुनी मुरलेली गादी त्यानं सुधारत नाही. कूलरचं गवत मात्र सरळ फेकून द्या.

एवढं पाणी कधी मिळणार, हा आपल्या भागातला खरा प्रश्न. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला भिंती धुवा म्हणणं बरं नाही. पण घटस्थापनेच्या आधी आपल्याकडं घरोघर 'दसरा काढतात'. त्वरितादेवीचं नवरात्र तोंडावर असतं, पाऊस होऊन गेलेला असतो, गोधड्या तर तेव्हा धुतल्याच जातात. त्याच आठवड्यात भिंती आणि पत्रा आधी पुसून घेतला की टोळ्या निघायच्या आत घर तयार होतं.

अर्थात घरात ओढणं चालू असेल तर हे सगळं पाण्यात. दारात उभं राहून ओढलं तरी धूर आत येतोच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "विडी सोडा" म्हटलं की ते चिडतात, हा अनुभव सगळ्यांचाच. "आबा, पारावर जाऊन ओढत जा, आल्यावर हात धुवा, सदरा बदला आणि मग बाळाला घ्या," एवढं बहुतेक जण ऐकतात. सांगणारी नात असेल तर जास्तच. ज्यांना खरंच सोडायची आहे त्यांच्यासाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे: १८००-११२-३५६. पालकसभेत तो फळ्यावर लिहून ठेवा.

काम झालं की नाही हे नाकावर सोडू नका, घरच्यांचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं. पांढरं सुती फडकं ओलं करून कपाटामागं, दाराच्या वरच्या चौकटीवर घासा. पिवळं-तपकिरी आलं तर अजून एक हात लागणार. मग खोली दिवसभर बंद ठेवून बाहेरच्या एखाद्या माणसाला आत बोलवा आणि त्याला विचारा.