जुना स्टिरिओ कॅमेरा आणि जोडभिंगांची समता

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहावा. दोरा नेढ्याजवळ जातो आणि बाजूने निसटतो. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित भिन्न प्रतिमांतून आपल्याला अंतराची जाणीव होते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिले. याच तत्त्वावर आधारलेला ‘स्टिरिओ रिअलिस्ट’ हा कॅमेरा अमेरिकेतील मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने १९४७ साली बाजारात आणला. सीटन रॉकवाइट हे त्याचे रचनाकार. ३५ मिलिमीटर फिल्मवर तो एकाच क्षणी चित्रांची जोडी टिपतो. त्याच्या दोन भिंगांत ७० मिलिमीटरचे अंतर असते.

या कॅमेऱ्याची मर्यादा लहान दालनात जाणवते. ३५ मिलिमीटर नाभीय अंतरामुळे त्याची आडवी दृष्टिकक्षा सुमारे ३६ अंशांची आहे. दोन मीटरवरून भिंतीचा जेमतेम १.३ मीटर रुंद भाग चित्रात मावतो. पुढे ०.७ पटीचे वाइड अँगल जोडभिंग बसविल्यास कक्षा ५० अंशांपर्यंत वाढते आणि तोच भाग १.९ मीटरच्या आसपास जातो. अशा जोडभिंगात पुढे अंतर्वक्र आणि मागे बहिर्वक्र भिंग असते.

तथापि येथे एक नव्हे, दोन जोडभिंगे लागतात आणि ती तंतोतंत समान असावी लागतात. एकाची पट ०.७० व दुसऱ्याची ०.७२ असेल, तर दोन्ही चित्रांचा आकार जुळत नाही. एक किंचित कलले, तर त्याचे चित्र वर वा खाली सरकते. ती विषमता पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सोसावी लागते. म्हणून दोन्ही जोडभिंगे एकाच धातुपट्टीवर बसवावीत. पट्टीतील दोन्ही छिद्रे, ती यंत्रावरून न उतरवता, एकाच बैठकीत ७० मिलिमीटर अंतरावर पाडून घ्यावीत. दृश्यदर्शकाचे भिंग दोहोंच्या मध्ये असते. त्याच्यासाठी पट्टीत वाट मोकळी ठेवावी.

या कॅमेऱ्यात फोकस साधताना भिंगे हलत नाहीत, फिल्मची बैठक पुढेमागे सरकते. त्यामुळे पट्टी एकदा नीट बसली की ती ढळत नाही. मात्र फोकसचे अंतर बदलते. वस्तू दोन मीटरवर असेल, तर चकती सुमारे चार मीटरवर ठेवावी लागते. कडांची स्पष्टता राखण्यासाठी छिद्रमान एफ ८ किंवा एफ ११ ठेवणे हितावह. दृश्यदर्शकात वाढलेली कक्षा दिसत नाही, हेही ध्यानी असावे.

फिल्म भरण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. मागचे झाकण उघडून फिल्मच्या जागी घासलेली काच धरावी, शटर उघडे ठेवावे आणि विटांची भिंत पाहावी. विटांचा एकच थर दोन्ही चौकटींत समान उंचीवर आला पाहिजे.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जुना कॅमेरा हा आपल्या काळाचा पुरावाही आहे. त्याच्या अंगात पाडलेले छिद्र पुन्हा बुजत नाही. म्हणून पट्टी भिंगांच्या कडांवर घट्ट बसणाऱ्या कड्यांनी धरावी, मूळ सांगाड्याला ड्रिल लावू नये. भिंगांवरचे उचलते झाकण आड येऊन काढावेच लागले, तर ते सर्व सुट्या भागांसह डबीत जपून ठेवावे. पुढच्या पिढीतील कोणी तो कॅमेरा हाती घेईल, तेव्हा त्याला तो मूळ रूपात परत उभा करता आला पाहिजे.